उजेडाची पट्टी

फोटोतली बाई कोण, हे कोरकोईला क्षणभर कळलंच नाही. फोनविक्या ओबिरीनं खोक्यातून नुकताच काढलेला कोरा करकरीत फोन तिच्या तोंडासमोर धरला होता, "मॅडम, इकडे बघा," म्हणाला होता, आणि ती बघते न बघते तोच फोटो निघालासुद्धा होता. आता तो फोन फिरवून तिच्या नाकासमोर नाचवत होता. पडद्यावर गव्हाळ रंगाची, गुळगुळीत गालांची, कपाळावर एक रेघ नसलेली कुणी बाई होती. तिच्या अंगात कोरकोईचा निळा ब्लाउज होता, कानांत कोरकोईचेच डूल होते, मागे सर्कल चौकाच्या बाजारातली, ओबिरीच्या टपरीवरची तीच लाल छत्री होती. "बघा, राणी दिसताय राणी! आपल्याला काही करावं लागत नाही, फोन आपला आपणच तोंड उजळतो," ओबिरी म्हणाला. कोरकोईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणाला विचारून काढलास?" "अहो, नमुना म्हणून..." "पूस तो. आत्ताच्या आत्ता पूस." "चांगला आलाय की हो!" "चांगला आलाय? ही मी आहे? एकोणपन्नास वर्षं हा चेहरा घेऊन फिरतेय मी, मला माहीत नाही माझं तोंड?" शेजारी केळी भाजणाऱ्या बाईनं चिमटा हातात तसाच धरून वळून पाहिलं. पलीकडे भोंग्यावरून कुणीतरी जगबुडीची तारीख सांगत होता, तोही दम खायला थांबला होता नेमका, त्यामुळे तिचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला. ओबिरीनं मुकाट्यानं फोटो पुसला. त्याचं काय चुकलं हे त्याला कळलं नव्हतं, आणि त्याला कळलं नव्हतं याचाच कोरकोईला जास्त राग आला. इथं कुणालाच कसं कळत नाही?

काचेच्या पेटीवर आता दोन फोन शेजारी शेजारी पडले होते. एक हा खोक्यातला, अठराशे सेडीचा, वर्षभराची हमी, चार कॅमेरे आणि वरून फुकटचं कव्हर. दुसरा तीन वर्षांपूर्वीचा, कुठल्याशा थंड देशात कुणीतरी वापरून टाकलेला. ज्या साली निघाला त्या साली कंपनीचा सगळ्यात वरचा फोन तोच होता, तेव्हा त्याची किंमत ऐकून माणसं नुसतं हसायची. आता चौतीसशे. कडेला एक ओरखडा होता, आणि बॅटरी पहिल्याइतकी टिकणार नाही हे ओबिरीनं स्वतःहून सांगितलं होतं. कोरकोईच्या पर्समध्ये पस्तीसशे होते. स्वयंपाकघरावरच्या पत्र्यांसाठी ठेवलेले. खोक्यातला घेतला तर फोनही येत होता आणि निम्मे पत्रेही. जुना घेतला तर पावसाळाभर चुलीवर छत्री धरून बसा. कुठल्याही शहाण्या बाईनं खोक्यातला उचलला असता आणि घरी, तेशीच्या गाडीला लागली असती. पण उद्या सकाळी आवो सणासारखी नटून बसणार होती, आणि आवोनं तिला अट घातली होती.

आवो म्हणजे तिची आई. ऐंशी सरलेली, उजवा डोळा शाबूत, डाव्यावर दुधासारखी साय आलेली. तिच्या वयाच्या सगळ्या बायकांनी आपापले फोटो केव्हाच काढून ठेवले होते. पेटीत, कापडात गुंडाळून, मागे नाव घालून. मेल्यावर भिंतीभिंतीवर पोस्टर लागणार, त्यावर आपण कसं दिसावं हे आपणच ठरवलेलं बरं, मागे राहिलेल्यांचा काय भरवसा. आवो मात्र दोन वर्षं टाळत आली होती. गेल्या रविवारी चर्चमधून आली, डोक्याचं फडकं सोडता सोडता म्हणाली, "माझा पोस्टरचा फोटो काढ. हा दुसरा डोळा जायच्या आत." कोरकोई म्हणाली, स्टुडिओत जाऊ या. "त्या मेल्याकडे? तो पावडर फासल्याशिवाय बसू देत नाही. तू काढायचास. तूच. आणि काढलेला मी बघणार. मी मला ओळखलं तर ठेव. नाही ओळखलं, तर मी गेल्यावर पोस्टर लावायचं नाही. बिनतोंडाची जाईन मी. चालेल मला." हे बोलताना आवोचा आवाज चढला नव्हता. ती मक्याची सालं निवडत होती, चांगली एकीकडे, फाटकी एकीकडे. 'तू' म्हणून वर पुन्हा 'तूच' असं तिनं का म्हटलं, हे कोरकोई आठवडाभर मनात घोळवत होती. सांगून टाकावं असं तिला आठवड्यात तीनदा वाटलं होतं, आणि तिन्ही वेळा तिनं भांडी घासायला घेतली होती.

क्वार्शीसाहेबांच्या छापखान्यात तिला बारा वर्षं झाली होती. पोस्टरं हेच तिथलं मुख्य काम. लग्नाची पत्रिका माणूस दहा ठिकाणी भाव करून छापतो, मयताच्या पोस्टरला घासाघीस करत नाही, हे क्वार्शीसाहेबांचं तत्त्वज्ञान. माणसं येत. कुणाच्या हातात पासपोर्टचा फोटो, कुणाच्या फोनमध्ये लग्नातला, ज्यात मेलेल्याच्या तोंडात घास आहे. कोरकोई तो घास काढायची, मागची माणसं काढायची, गळ्यात सोन्याची साखळी हवी तर तीही घालून द्यायची. साठीच्या आतला असेल तर वर 'काय हा आघात!' असं लाल अक्षरात, म्हातारा असेल तर 'देवाघरचं बोलावणं'. आणि शेवटी प्रत्येकजण, अगदी प्रत्येकजण, मान जरा तिरपी करून हळू आवाजात म्हणायचा, "थोडं उजळ करा हं." पहिल्या वर्षी ती विचारायची, किती? दुसऱ्या वर्षापासून विचारेनाशी झाली. संगणकावर उजेडाची एक पट्टी असते, तिच्यावरचा ठिपका बोटानं उजवीकडे सरकवला की चेहरा फिकट होत जातो. बारा वर्षांत ती पट्टी डावीकडे सरकवायला एकजणसुद्धा आला नव्हता. उजळ केलं म्हणून कुणी पोस्टर परत आणलं नव्हतं, पण काळं आलं म्हणून एकदा चार भाऊ साहेबांच्या अंगावर धावून गेले होते. "आमच्या बापाला माकड केलंत!" तो बाप होताच तसा, मासेमारीत जन्म गेलेला, उन्हानं रापलेला. पण मेल्यावर त्याला त्याच्या कातडीत राहायची सोय नव्हती. त्या दिवशी कोरकोईनं पोस्टर पुन्हा केलं, आणि त्यानंतर चेहरा उघडला की तिचं बोट आधीच पट्टीवर जाऊन बसायला लागलं. देवळात शिरताना पायातून चप्पल निघावी तसं.

आणि तिची बहीण देदेई काळी होती. सावळी नाही, निमगोरी नाही, चक्क काळी. तेशीच्या नाक्यावर तीस वर्षं तिचं केंकीचं दुकान. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे सालात बांधून पहाटेपासून मोठ्या हंड्यात उकडायचे, बरोबर तळलेली मासळी आणि मिरचीचं वाटण. सगळा नाका तिला 'काळी देदेई' म्हणायचा, कारण त्या नाक्यावर आणखी तीन देदेई होत्या. तिला त्याचं काही वाटायचं नाही. "हंडा काळा म्हणून केंकी काळी निघाली का कधी?" म्हणायची. लहानपणी कोरकोई तिच्यापेक्षा दोन छटा उजळ, म्हणून आत्या कोरकोईला मांडीवर घ्यायच्या आणि देदेईला पाणी आणायला पिटाळायच्या. देदेई पाणी आणायची आणि येता येता मांडीवरच्या कोरकोईला एक चिमटा काढायची. तो चिमटा कोरकोईला अजून दंडावर आठवतो. पुढे देदेई दुकानात रांग लागली की ओरडायची, "ओळीत या रे! काळ्या हातची खायची तर ओळीत या!" आणि पोलीससुद्धा ओळीत यायचे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एका पहाटे, नाक्यावर कुणी यायच्या आत, ती हंड्यापाशी वाकली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले रक्तदाब. चोपन्न वर्षांची. 'काय हा आघात!'

पोस्टर करायला घरातच माणूस होतं, दुसऱ्या कुणाला सांगायचं? फोटोही कोरकोईच्याच फोनमधला होता, भाचीच्या पदवीच्या दिवशीचा. तो फोनही असाच खोक्यातला, चार कॅमेऱ्यांचा, भाऊ तेइकोनं निवडून दिलेला. कागदावरचे फोटो जूनच्या पुरात भिजून एकमेकांना चिकटले होते, सोडवायला गेलं की नाकं निघून यायची. पोस्टर झालं. चारशे प्रती. घरावर, चर्चच्या भिंतीवर, नाक्यावरच्या खांबांवर आणि देदेईच्या बंद दुकानाच्या फळीवर एक मोठं. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. "काय सुंदर दिसतेय!" "जिवंतपणी कधी एवढी छान दिसली नाही गं." तेइको तर म्हणाला, "जाता जाता राणी झाली आपली देदेई." आठव्या दिवसाची बैठक होती. सुतकाचे लाल-काळे कपडे घालून सगळे जमले, दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या, पण नाक्यावरच्या मासळीवाल्या काही आल्या नाहीत. ज्यांच्याकडून ती तीस वर्षं मासळी घेत होती, ज्यांच्या पोरांना तिनं उधारीवर खाऊ घातलं, त्यातली एकही नाही. आवो दिवसभर दाराकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी कोरकोई तावातावानं नाक्यावर गेली, त्यांना जाब विचारायला. दुकानासमोर म्हातारी अक्वेले उभी होती, बाकी मासळीवाल्यांसारखीच अक्षरशत्रू, डोक्यावर मासळीची परात. पोस्टरपासून दोन हातांवर. पोस्टरकडे बघत. कोरकोईला पाहून तिचा चेहरा खुलला. "बरी भेटलीस. अगं, देदेई कुठं गेलीय? आठ-नऊ दिवस झाले, दुकान बंद. आणि ही कोण बाई मेली म्हणायची, हिचा कागद तिच्या दुकानावर लावलाय? देदेईची कुणी लागते का?"

कोरकोईला त्या वेळी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. अक्वेलेची परात खाली पडली आणि मासळी रस्त्यावर पसरली, एवढं आठवतं. मग मासळीवाल्या आल्या, सगळ्या, बैठक संपल्यावर, मोकळ्या अंगणात, आणि छाती पिटून रडल्या. आवोनं त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत यायचा हट्ट धरला. फळीसमोर तिला खुर्ची टाकली. तिनं डोळा पोस्टरला लावला, बोटांनी त्या गुळगुळीत गालावरून चाचपलं, आणि मागे वळून विचारलं, "ही कोण? माझी देदेई कुठंय?"  कोरकोई म्हणाली, "फोनच तसा होता, आवो. हल्लीचे फोन असंच करतात." आवोनं पोस्टरवरची बोटं काढून घेतली. त्यानंतर दोन वर्षं कोरकोई हेच सांगत आली. चर्चमध्ये, गाडीत, छापखान्यात, कुणी विचारलं नाही तरी. हे फोनवाले चोर आहेत. आपल्याला आपल्याच तोंडाची लाज वाटावी म्हणून यंत्रं बनवतात आणि आपल्यालाच विकतात. हरामखोर, उलट्या काळजाचे! बोलताना तिच्या गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि ऐकणारे मान डोलवायचे, कारण त्यात खोटं काही नव्हतंच.

पर्समध्ये फोन वाजला. तिचा जुनाच, तडा गेलेला, कॅमेऱ्यात आताशा नुसतं धुकं दिसणारा. तेइको तेमाच्या बंदरातून बोलत होता, मागे क्रेनचा खडखडाट. "घेतलास का?" "बघतेय." "बघायचंय काय त्यात? खोक्यातला घे. हमी असते. कुणा परक्याच्या गालाला तीन वर्षं चिकटलेला उष्टा फोन घरात आणू नकोस." "उष्टा? तू गाडी कुठली चालवतोस रे? जर्मनीत कुणी बसून बसून सीट फाडलेली! तुझ्या बायकोचा फ्रिज कुठला? तेव्हा उष्टं नव्हतं?" "गाडीची गोष्ट वेगळी." "का वेगळी?" "कोरकोई, डोकं शांत ठेव. एका फोटोसाठी पत्र्यांचे पैसे घालवणार तू? आवोला काय दिसतंय धड? एका डोळ्यानं? काहीही दाखव आणि हो म्हणून घे." कोरकोईनं फोन बंद केला. काहीही दाखव! एवढंच राहिलं होतं ऐकायचं. तिला तेइकोला कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की तो जे म्हणाला तेच गेली बारा वर्षं ती पगार घेऊन करत होती.

"मॅडम, भावाचं ऐका," ओबिरी म्हणाला. त्यानं सगळं ऐकलं होतं; त्या गल्लीत न ऐकणं शक्यच नव्हतं. "तू गप्प बैस. तो इकडे दे." तिनं जुना फोन हातात घेतला. हाताला जड लागला. "सरळ उभा राहा." "मी? माझा कशाला?" "नमुना म्हणून," ती म्हणाली, आणि काढला. पडद्यावर ओबिरी आला. अख्खा आला. कपाळ निळसर काळं, घामानं चकाकलेलं, ओठांपाशी तपकिरीकडे झुकणारा काळा, हनुवटीवर लहानपणीच्या भाजल्याचा डाग, डोळ्यांखाली न झालेली झोप. काळ्यात किती काळे रंग असतात हे कोरकोई बारा वर्षं चेहरे बघूनही विसरली होती. तिला तो फोटो बघतच राहावंसं वाटलं. ओबिरीनं डोकावून पाहिलं आणि मागे सरला. "श्शी! पुसा हो मॅडम, पुसा! धुराड्यातून काढल्यासारखा दिसतोय." "तू असाच आहेस." "असाच आहे म्हणून काय असाच दाखवायचा? मला लग्न करायचंय अजून!" केळीवाली खदखदून हसली. "दाखव की रे, सासूला आधीच कळलेलं बरं!" ओबिरी चिडला. त्यानं फोन कोरकोईच्या हातून घेतला. "अहो, यातही सोय आहे. महागाचा फोन ना, बंद करून ठेवलेली असते एवढंच. ही बघा." त्यानं दोन ठिकाणी टिचक्या मारल्या, एक पट्टी आली, पट्टीवरचा ठिपका त्यानं अंगठ्यानं उजवीकडे ढकलला आणि त्याच्या चेहऱ्यावरून सगळं निघून गेलं. डाग, घाम, झोप, रंग. "झालं! नुसतं बोटाचं काम."

कोरकोई त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. त्या अंगठ्याचं नख तुटलेलं होतं. गल्लीतला गोंगाट चालूच होता, पण तिला ऐकू येत होता तो छापखान्यातला पंखा, जो फिरताना एका जागी कट् करतो. दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार, सकाळचे अकरा. आदल्या तीन मयतांची कामं पडलेली. त्यांच्यानंतर तिनं देदेईचा फोटो उघडला होता. फोननं उजळलेला होता, हो, पण थोडाच. तरीही ती देदेई होती, नाक्यावरचं कुत्रंसुद्धा ओळखेल अशी. त्या बाईनं तीस वर्षं उन्हात आणि वाफेत उभं राहून कमावलेला चेहरा होता तो. आणि कोरकोईचं बोट पट्टीवर गेलं. कुणी सांगितलं नव्हतं. आवोनं नाही, तेइकोनं नाही, समोर मान तिरपी करून कुणी बसलेलं नव्हतं. बोट गेलं, आणखी गेलं, आणखी थोडं. मग तिनं जपून ठेवायची कळ दाबली, तारेनं जोडलेल्या फोनमधल्या मूळ फोटोवरच, सवयीनं, आणि मूळ फोटो जगातून गेला. हे सगळं ती स्वतःला कधीकधी सांगू शकायची. जे सांगू शकत नव्हती ते याच्या पुढचं होतं. काम झाल्यावर ती खुर्चीत मागे रेलली होती, आणि जिचं प्रेत शवागारात थंड पडलं होतं त्या बहिणीकडे बघून तिच्या मनात आलं होतं, छान दिसतेय. आत्यांच्या मांडीवर बसलेल्या पोरीला वाटावं तसं वाटलं होतं. दंडावरचा चिमटा दुखला कसा नाही त्या वेळी? दोन वर्षं ती फोनला शिव्या देत होती. नाचता येईना अंगण वाकडं. फोन चोर होता, पण घराचं दार आतून तिनंच उघडलं होतं.

मग हा तरी कशाला घ्यायचा? तिनं पर्स काखेत मारली आणि चालू लागली. अंगण बदलून काय होणार? छापखान्यात बारा वर्षं वळण लागलेलं बोट चौतीसशे सेडीत सरळ होतं का? जा घरी, पत्रे घाल, आवोला सांग, फोटो नाही जमत. जा बिनतोंडाची. ती केळीवालीला ओलांडून, पाण्याच्या पिशव्या विकणाऱ्या बाईला ओलांडून गाड्यांच्या तळापर्यंत आली. "तेशी, तेशी, तेशी!" ओरडत गाडीचा वाहक दारात लोंबकळत होता. तळाच्या भिंतीवर नेहमीसारखी पोस्टरं होती, एकावर एक, वितभर जाडीची. त्यातली निम्मी तिच्याच हातची. तिनं ती बघितली. एकाच रंगाची माणसं. मासेमार, शिंपी, मुख्याध्यापिका, पाद्री, सगळे एका आईच्या पोटचे असावेत असे, गव्हाळ, गुळगुळीत, मेलेले. मेल्यांनो, तुम्हाला काय म्हणून मारलं मी दुसऱ्यांदा! तिला तिथंच ते कागद ओरबाडून काढावेसे वाटले. त्यातल्या कुणाच्या घरी अशी एखादी म्हातारी असेल का, जिनं बोटांनी चाचपून विचारलं असेल, ही कोण? आणि कुणीतरी तिला सांगितलं असेल, फोनच तसा आहे म्हणून?

ती परतली तेव्हा ओबिरी जुना फोन फडक्यानं पुसत होता. "तीन हजार दोनशे," तो लगेच म्हणाला, "शेवटचा. याच्या खाली माझी आई मागायला आली तरी..." "घासाघीस करायला नाही आले मी. तो खोक्यातला आपणहून करतो. बरोबर?" "हो." "न विचारता?" "हो, म्हणून तर लोक..." "आणि हा विचारतो." "विचारतो म्हणजे, आपण बोट लावलं तर करतो." "ती पट्टी कुठं आहे ते मला पुन्हा दाखव." ओबिरीचा चेहरा उजळला. "बघा! शेवटी सगळ्यांना तीच लागते. इथं, मग इथं." "ठीक," कोरकोई म्हणाली. "म्हणजे कुठं बोट लावायचं नाही ते कळलं." बत्तीसशे तिनं काचेवर ठेवले. पत्रे बसले बोंबलत. ओबिरीनं फोन पिशवीत घातला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, तो माझा फोटो तेवढा पुसून टाका हं." "नाही पुसणार," ती म्हणाली. "पहिला आहे तो. राहू दे. लग्न ठरलं की सांग, पाठवते."

शनिवारी सकाळी आवो नाक्यावर आली. घरात अंधार, म्हणून फोटो दुकानापुढे काढायचा असं तिनंच ठरवलं होतं. निळं नक्षीचं लुगड्यासारखं कापड, खांद्यावर लेस, गळ्यात मण्यांच्या तीन माळा. देदेईच्या स्टुलावर ती ताठ बसली. मागे फळीवर त्या पोस्टरचे अवशेष अजून होते, पावसानं अर्धे धुतलेले, एक गुळगुळीत गाल आणि अर्धं कपाळ. "पावडर लावू का जराशी? घाम आलाय." कोरकोईनं मुद्दाम विचारलं. "लावशील तर याद राख." कोरकोईनं फोटो काढला. एकच. पडद्यावर आवो आली. काळी, किती काळी, सुरकुतीसुरकुतीत काळी, एक डोळा पांढरा, एक डोळा रोखलेला. फार काळी आलीय, असं मनात आलंच. आणि बोट उठलं. खरंच उठलं, मेलं! तिनं दुसऱ्या हातानं ते बोट धरलं, मुठीत घट्ट आवळलं, नख तळव्यात रुतेपर्यंत. मग फोन आवोच्या हातात दिला.

आवोनं तो उजव्या डोळ्याशी नेला, इतका जवळ की नाक काचेला लागलं. तिचे ओठ हलत होते.  मग तिच्या तोंडून आवाज आला, हसल्याचा की रडल्याचा कळेना. "अगं," ती म्हणाली, "ही तर देदेई."

"आवो, तू आहेस ती. आत्ता काढला."

"मला शिकवतेस? मी काढलंय तिला पोटातून. हा रंग मी दिलाय, हे नाक मी दिलंय. सुरकुत्या काय, तिलाही आल्या असत्या." तिनं काचेवरून बोट फिरवलं, गालावरून, हनुवटीवरून. "कुठं लपवून ठेवली होतीस इतके दिवस?"

"मीच पुसली होती, आवो," कोरकोई म्हणाली.  "फोननं नाही. फोननं थोडंच केलं. बाकी मी केलं, माझ्या हातानं, आणि मला ती छान दिसतेय असं वाटलं."

आवोनं मान वर केली नाही. "माहीत आहे मला. फोनला हात असतात होय?" आणि थोड्या वेळानं, "रडू नकोस. ते आधी खरवड. आणि हिचा कागद करून इथं लाव. मोठा."

कोरकोईनं दुकानातली मक्याची सालं कापायची सुरी आणली आणि फळीवरचा तो गाल खरवडायला लागली. ती रडत होती आणि दातओठ खात होती, आणि कागदाचे पिवळट तुकडे तिच्या पायांवर पडत होते. खाली लाकूड लागलं, धुरानं काळं झालेलं. तिनं डोळे दंडाला पुसले. "आणि आवो, मग तुझ्या पोस्टरला?"

"माझा पुन्हा काढ की सावकाश," आवो म्हणाली. "मी कुठं चाललेय एवढ्यात?"